पाच नंबरचा सेल

१

लाल दिवा लागलाच नाही.

राणीनं पाच नंबरचा सेल चार्जरच्या खाचेत दाबून बसवला, बटण खाली केलं आणि रोजच्या सवयीनं परातीतल्या पिठाकडे वळली. वळता वळता डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी हिरवं दिसलं. तिनं मागं पाहिलं. दिवा हिरवा होता. म्हणजे सेल भरलेला.

आता भरलेला सेल भरलेला दिसला, यात दचकण्यासारखं काय आहे? पण राणी दचकली. तशी ती कशालाही दचकायची. कॅलेंडर वाऱ्यानं फडफडलं तरी, फोन वाजला तरी, मागून कुणी 'वहिनी' म्हटलं तरी. वसमतच्या कॉलेजात तिच्या हातून इतक्या काचनळ्या फुटल्या होत्या की मैत्रिणी तिला हाक मारायच्या आधी लांबूनच खोकायच्या. पण बी.एस्सी. झाली होती, तीही फिजिक्स घेऊन. त्यामुळं एकदा दचकून झालं की ती कारण शोधायला बसायची.

हा सेल सकाळी सहापासून सासूबाईंच्या कानाच्या मशीनमध्ये होता. बारा तास. रोज संध्याकाळी तो रस काढलेल्या उसाच्या चिपाडासारखा रिकामा होऊन यायचा, मग साडेतीन तास लाल दिवा, आणि झोपायच्या वेळेला हिरवा. चार महिने हेच चाललं होतं. एका दिवसाचाही फरक नाही.

चार्जर बिघडला असेल. तिनं टीव्हीच्या रिमोटमधला तीन नंबर काढून लावला. लाल. पुन्हा पाच नंबर. हिरवा. खाच बदलली. हिरवा.

"काय करून राहिलीस गं तिकडं?" बाहेरच्या खोलीतून सासऱ्यांनी, अमृतरावांनी विचारलं. त्यांच्या रेडिओवर बाजारभाव चालले होते.

"काही न्हाई मामा. दिवा पाहून राहिले."

"दिव्यानं तुला पाहिलं की सांग," अमृतराव म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर बराच वेळ हसले.

२

चार्जिंगचे सेल ही राणीची या घरातली पहिली कमाई होती. पैशाची नव्हे, मानाची.

लग्न होऊन ती हट्ट्याजवळच्या या गावात आली त्याला दहा महिने झाले होते. घर दोन खोल्यांचं, वर स्लॅब, पुढं ओटा, ओट्याला लागून तुळतुळीत सारवलेलं अंगण. माणसं तीन आणि एक येऊन जाऊन. येऊन जाऊन म्हणजे तिचा नवरा प्रेमानंद, वसमत डेपोला कंडक्टर. मुक्कामी गाडी असली की दुसऱ्या दिवशीच घरी. सासूबाई रुक्माबाई दोन वर्षांपासून ठार बहिऱ्या. तालुक्याला शिबिर भरलं होतं, तिथं त्यांना कानाचं मशीन मिळालं. काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं, गळ्यात अडकवायचं, त्यातून एक वायर निघून कानातल्या बोंडापर्यंत जायची. आत एक पेन्सिल सेल.

दुकानातले साधे सेल दोन दिवसांतच बसायचे. बसले की रुक्माबाई ते पत्र्यावर मिरच्यांशेजारी उन्हात ठेवायच्या. गावात सगळेच ठेवतात. ऊन खाल्लं की सेलात पुन्हा घटकाभराचा जीव येतो, हे खरंही आहे. पण मग दोन दिवस मशीन नुसतं खरखरायचं आणि रुक्माबाई हसऱ्या चेहऱ्यानं कुणाच्याही बोलण्याला 'व्हय, व्हय' करत राहायच्या.

राणीनं प्रेमानंदकडून चार खाचांचा चार्जर आणि आठ सेल मागवले. प्रत्येकावर नेलपॉलिशनं नंबर घातला. घड्याळाला एक, रिमोटला दोन, रेडिओला दोन, बॅटरीला दोन, आणि आत्याबाईंच्या मशीनला पाच नंबर, एकट्याचा. जोड्या मोडायच्या नाहीत, ओल्या हातानं लावायचं नाही, हिरवा झाला की काढायचा. चार्जर बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर, वंदनेची मेणबत्ती लावतात त्याच्या शेजारी. "दोन्ही उजेडाचीच कामं," अमृतराव म्हणाले होते. आणि रुक्माबाईंनी सगळ्या आळीत सांगितलं होतं, "सून आली अन् माझा कान आला."

त्या वाक्यावर राणी अजून जगत होती. घाबरट म्हणून माहेरी जिची थट्टा झाली, तिच्या भरवशावर इथं एक माणूस ऐकत होतं.

म्हणून दुसऱ्या दिवशीही दिवा थेट हिरवा लागला, तिसऱ्या दिवशीही लागला, तेव्हा तिनं चार्जरचं बटण दोनदा बंद-चालू करून पाहिलं.

३

चौथ्या दिवशी चहाच्या वेळेला तिनं विचारलंच.

रुक्माबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. मशीन गळ्यात, बोंड कानात. राणी समोर जाऊन बसली. "आत्याबाई, सेल संपत न्हाई का आता?"

रुक्माबाईंनी कमरेला हात घातला. लुगड्याच्या कनवटीतून पाच नंबरचा सेल काढला, मशीनचं झाकण सरकवून आत बसवला आणि बटण लावलं. बोंडानं 'कुईं' असा बारीक सूर धरला, त्यांनी ते कानात नीट दाबल्यावर सूर थांबला.

"हां. आता बोल. काय म्हणलीस?"

राणीनं मशीनकडे बोट केलं. "तुमी सेल काढून ठेवता?"

"मंग. दिवसभर कशाला जाळायचा? कामापुरता टाकायचा, काम झालं की काढायचा. वस्तू जपून वापरावी बाई."

"पण आत्याबाई, तो रोज भरता येतो. झिजत न्हाई तसा."

"समदं झिजतं," रुक्माबाई समजुतीनं म्हणाल्या.

अमृतराव आतून बोलले, "चाळीस वर्षं मी बोललो की ही कान काढूनच ठेवायची. सेल तर आत्ता काढायला लागली."

तिघंही हसले. राणीचा जीव भांड्यात पडला. कारण सापडलं होतं, आणि तेही कसं गोड. विजेचा दिवा दिसला की विझवणारी, काडी अर्धी मोडून वापरणारी बाई. ती सेल कनवटीला लावून जपणारच. संध्याकाळी प्रेमानंद घरी होता, त्याला सांगितल्यावर तो भाकर तोडता तोडता म्हणाला, "आमच्या डेपोत आईला मॅनेजर करा. डिझेलसुद्धा कनवटीला लावंल."

चांगली संध्याकाळ होती. जेवणं झाली, राणी भांडी विसळायला मोरीत बसली, आणि तिसऱ्या ताटावर तिचा हात थांबला.

सेल जर कनवटीला होता, तर आज दुपारी तिनं स्वयंपाकघरातून "चहा टाकू का" म्हटलं तेव्हा, ओट्यावर पाठ करून बसलेल्या रुक्माबाईंनी "टाक, साखर कमी" असं उत्तर कसं दिलं?

आणि आणखी एक. बोंडाला हात लागला की ते 'कुईं' करायचं. आधी दिवसातून वीस वेळा तरी तो आवाज घरात व्हायचा. आज चहाच्या वेळेला झाला तेव्हा तो तिला नवा वाटला होता. किती दिवस झाले तो ऐकून?

४

ओठ वाचत असतील. अंदाजानं बोलत असतील. रोजची वेळ झाली की चहा येणार, त्यात ऐकायचं काय? राणीनं अशी पाच-सहा कारणं जमवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकेक करून तपासायला घेतली.

रुक्माबाई चुलीपाशी होत्या. सेल कनवटीला, हे तिनं डोळ्यांनी पाहून घेतलं. मग त्यांच्या मागं उभं राहून तिनं स्टीलचं ताट फरशीवर सोडलं. ताट गिरक्या घेत किती तरी वेळ वाजत राहिलं. स्वतःच टाकलेल्या ताटाला राणी दचकली. रुक्माबाईंनी मानही हलवली नाही.

बहिऱ्या होत्या. ठार. म्हणजे मशीन बंद होतं. म्हणजे सगळं ठीक होतं.

आता हाक मारून बघू, असं तिनं ठरवलं. काय म्हणावं? पीठ किती मळू, असं विचारावं. तिनं श्वास घेतला, तोंड उघडलं.

"दीडच शेर मळ," रुक्माबाई तव्याकडे बघतच म्हणाल्या. "आज मामा हिंगोलीला गेलेत."

राणीचं तोंड उघडं ते उघडंच. तिनं विचारलं नव्हतं. शब्द अजून घशातच होता.

ती पुढं गेली, रुक्माबाईंच्या कनवटीकडे बोट दाखवलं. त्यांनी 'काय पोरगी आहे' अशा चेहऱ्यानं सेल काढून मशीनमध्ये टाकला. कुईं झालं.

"आत्याबाई, सेल नसताना तुमाला ऐकू येतं का?"

"येतं की."

"काय येतं?"

"तू बोलतीस ते."

"अन् मामांचं? यांचं? ताट पडल्याचं?"

"ते न्हाई येत. त्यासाठी सेल लागतो." रुक्माबाईंनी भाकर उलटली. त्यांच्या सांगण्यात नवल नव्हतं; विहिरीला पाणी कधी असतं आणि कधी नसतं, तसं त्या सांगत होत्या. "तुझं बराबर येतं. तू रानात नसलीस तरी येतं. परवा आखाड्यावर गेले होते, खाटेखालची पाटी काढायला वाकले, तर तू म्हणलीस, आत्याबाई, हात घालू नका. न्हाई घातला. काठीनं पाटी ओढली, तर खाली हा एवढा इंचू."

राणी परवा दिवसभर घरात होती. आखाडा, म्हणजे शेतातलं छप्पर, घरापासून पंधरा-वीस मिनिटांच्या वाटेवर.

"माझा आवाज?" तिनं विचारलं. "नक्की माझाच?"

"तुझाच. मला का कळंना?" रुक्माबाईंनी थोडा विचार केला. "पर निवांत. तू बोलतीस तेव्हा कशी धडधड असती, कुणी मागं लागल्यावानी. त्यात तसं न्हाई. सावकाश बोलती. लई बरं वाटतं बघ. जलमभर माझ्यासंगं असं सावकाश कुणी बोललंच न्हाई."

चुलीतलं लाकूड तडकलं आणि राणी दचकली. रुक्माबाई तिच्याकडे पाहून मायेनं हसल्या.

५

भ्रम असतो. ज्यांचा कान जातो त्यांना कधी कधी आवाज ऐकू येतात, हे तिनं कुठंतरी वाचलं होतं. मोबाइलवर शोधलं तर तसं सापडलंही. गाणी ऐकू येतात, घंटा येते, ओळखीची माणसं येतात. विंचू आखाड्यावर असतातच. पिठाचा अंदाज कुणालाही येईल. सगळं जुळत होतं. फक्त एकाच गोष्टीला ते कारण पुरत नव्हतं, की तो आवाज ऐकल्यावर आत्याबाई इतक्या सुखात का दिसायच्या.

आणि खरं सांगायचं तर राणीला भीतीपेक्षा दुसरंच काही जास्त टोचलं होतं. तिनं कान दिला. तिनं सेल भरले. आणि ऐकू येत होती ती दुसरीच, जी दचकत नव्हती.

तिनं रुक्माबाईंचा हात धरून विनवलं. सेल काढू नका. रस्त्यानं गाड्या असतात, कालव्यावर टिप्पर येतात, कुणी हाक मारली तर कळायला पाहिजे. माझी शपथ. रुक्माबाई लगेच कबूल झाल्या. राणीनं सेल बसवला आणि झाकणावरून चिकटपट्टीचे दोन वेढे दिले.

त्या संध्याकाळी पाच नंबर चार्जरमध्ये लावला आणि दिवा लाल लागला.

किती छान लाल होता तो. राणी फळीसमोर पिठाचे हात तसेच धरून उभी राहिली. साडेतीन तास लाल. दिवसभर घरात कुईं कुईं झालं होतं. रेडिओवर भजन लागलं तेव्हा रुक्माबाईंनी मान डोलवली होती, शेजारच्या धुरपताबाईंशी भांडणही केलं होतं, चांगलं शब्दाला शब्द लावून. सगळं जागच्या जागी आलं होतं.

फक्त झोपायच्या आधी मशीन गळ्यातून काढताना रुक्माबाई म्हणाल्या, "आज डोकं दुखलं बाई. नुसता कलकलाट. अन् तू दिवसभर एकदाबी बोलली न्हाईस."

राणी दिवसभर त्यांच्याशीच बोलत होती.

६

आठ दिवसांनी हळद शिजवायचा कुकर आला.

अमृतरावांची एक एकर हळद काढून झाली होती. तांड्यावरचा भावसिंग आपला कुकर घेऊन आखाड्यावर मुक्कामाला होता. कुकर म्हणजे मोठा लोखंडी पिंप, खाली लाकडाचा जाळ, आत पाणी, आणि वाफ नळ्यांनी दोन बाजूंच्या हळदीच्या डब्यांत जाते. वाफ जास्त कोंडली की वरची शिट्टी वाजते. शिट्टी वाजली की खालची लाकडं बाहेर ओढायची, एवढंच. ओढली नाहीत तर काय होतं, हे भावसिंगनं पहिल्याच दिवशी सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं. दुसऱ्या कुठल्याशा गावातला एक पिंप फाटला तेव्हा त्याचं झाकण दोन शेतं ओलांडून पडलं होतं.

त्या दिवशी सकाळी राणीनं स्वतः सेल बसवला, पट्टीचे तीन वेढे दिले आणि रुक्माबाईंना रानात पाठवलं. प्रेमानंद ड्यूटीवर होता. अमृतराव वसमतला बारदाना आणायला गेले. मजुरीच्या बाया उन्हाच्या आधी काम आटोपून गावात परतल्या, त्यांना तिनं ओट्यावरून जाताना पाहिलं.

एक वाजायला आला असेल. दारात मोटारसायकल थांबली. भावसिंग होता, गाडी चालूच ठेवून.

"वैनी, डिझेल संपलं पाण्याच्या पंपाचं. हट्ट्याला जाऊन येतो." त्यानं खिशात हात घातला. "अन् हे मावशीनं दिलंय. म्हणल्या सुनेला दे, रिकामा जळून राहिला."

त्याच्या तळहातावर पाच नंबरचा सेल होता. त्याला हळदीची बोटं लागली होती.

राणीनं सेल घेतला. "कुकरपाशी कोण आहे?"

"मावशी हायेत की."

"अहो त्यांना ऐकू येत न्हाई. शिट्टी…"

"मशीन हाय ना गळ्यात. म्या इचारलं त्यांना, मावशी, शिट्टी कळंल का? म्हणल्या, तू जा बिनघोर, शिट्टी झाली की सून सांगती." भावसिंगनं गिअर टाकला. "मला वाटलं तुमी मागून येऊन राहिल्या. जा मंग लवकर."

आणि तो गेला. राणी ओरडेपर्यंत गाडी वळणावर पोचली होती.

सेल मुठीत होता. गरम होता, भावसिंगच्या खिशातला. तिनं प्रेमानंदला फोन लावला. रिंग जात राहिली, त्यानं उचलला नाही. गाडीत गर्दी असली की त्याला उचलता येत नाही. अमृतरावांचा फोन घरातच, रेडिओजवळ वाजला.

तिनं चपला घातल्या की नाही हे तिला नंतर आठवेना.

७

कालव्याच्या रस्त्यानं ती पळत होती. ऊन डोक्यावर होतं, दोन्ही बाजूंना ज्वारी उभी, वाटेवर माणूस नाही. निम्म्या वाटेत असताना शिट्टी ऐकू आली.

आधी बारीक. मग लांब, सरळ, न थांबणारी. राणी पळता पळता मोजायला लागली, का ते तिलाही माहीत नव्हतं. वीस. तीस. कुणीतरी लाकडं ओढायला पाहिजेत. चाळीस. आत्याबाई तिकडं तोंड करून बसल्या असतील तर वाफ दिसेल. पाठ करून बसल्या असतील तर काहीच नाही. पन्नास. पंचावन्न.

शिट्टी थांबली.

राणीही थांबली. जाळ ओढला तर शिट्टी अशी थांबते. आणि पिंप फाटायच्या आधी कशी थांबते, हे भावसिंगनं सांगितलं नव्हतं. तिनं दोन्ही हात कानांवर धरले आणि वाट पाहिली. ज्वारीतून वारा गेला. एक कोतवाल पक्षी तारेवरून उडाला. आवाज झाला नाही.

ती चालत पुढं गेली.

आखाडा दिसला. पत्र्याचं छप्पर, खाट, लिंब, आणि कुकर पांढऱ्या वाफेत बुडालेला. वाफेच्या पलीकडे कुणीतरी वाकलं होतं. बाई होती. डोक्याला ओढणी मागून गाठ मारून बांधलेली, कोपर मागंपुढं होत होतं, घाई न करता, परातीत पीठ मळावं तसं. शेवटचं लाकूड तिनं ओढून बाजूला ठेवलं आणि हात झटकले. मग वाफेचा लोट मध्ये आला, आणि तो विरला तेव्हा तिथं लिंबाचं खोड होतं.

खोडच असणार. वाफेत काहीही दिसतं.

पण लाकडं ओढलेली होती. पाचही. एकाशेजारी एक, टोकाला टोक जुळवून ठेवलेली, अजून धुमसत. पिंपाखाली नुसती राख. वाफेच्या दाबाचा काटा खाली येत होता. राणीनं तो दोनदा पाहिला आणि मग खाटेवर बसली.

खाटेच्या लाकडी गाताला कानाचं मशीन लटकत होतं.

म्हणजे गळ्यातही नव्हतं. घामानं ओलं होतं म्हणून काढून ठेवलं असणार. मग लाकडं आत्याबाईंनी ओढली, बघून ओढली. असंच झालं असणार. तिनं मान वर करून शोधलं. दोन बांध ओलांडून, पलीकडच्या वाळवणावर रुक्माबाई होत्या. पाठ इकडे. लुगडं खोचलेलं, पायानं हळद पसरत संथपणे पुढं चालल्या होत्या. इतक्या लांब की शेवटचं लाकूड ठेवून तिथं कुणी एवढ्यात पोचलं नसतं. पण धड होत्या. चालत होत्या. बहुतेक गुणगुणतही होत्या, त्यांच्या मानेवरून तसं वाटत होतं.

राणीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाकी काही का असेना. धड होत्या.

"आत्याबाई," तिनं हाक मारली. त्या वळल्या नाहीत. "आत्याबाई, ओ आत्याबाई." हळदीवरून पाय तसाच सरकत राहिला.

ऐकू कसं येणार? ती स्वतःशीच हसली, आणि मशीन काढून हातात घेतलं. झाकण उघडलं. आत दोन्ही बाजूंच्या चकचकीत पट्ट्या आणि मधली जागा मोकळी. सेल तिच्या मुठीत होता, अजून. तिनं तो मुद्दाम खाटेच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. फिजिक्स घेऊन झाली होती ती. रिकाम्या डबीतून आवाज येत नाही, हे एकदा स्वतःच्या कानानं बघून घेतलं की झालं, मग रात्री शांत झोप लागेल.

तिनं बोंड कानात घातलं.

काही नाही. कानात बोट घातल्यावर येतो तसा फक्त आपल्याच रक्ताचा घुमारा. ती थांबली. मनात शंभर मोजले. लाकडं धुमसत होती, पिंप निवत कुडकुड करत होता, तोही फक्त मोकळ्या कानाला. बोंडाच्या कानात नुसती शांतता, आणि ती शांतता बरी होती, सावलीसारखी. राणीचे खांदे खाली आले. कित्येक दिवसांनी तिला वाटलं की आपण उगाच किती पळतो.

रुक्माबाई वाळवणाच्या टोकाला पोचून वळणार होत्या. आता त्यांना दिसेल, असं म्हणून राणी उठली, हात वर केला आणि छातीभर श्वास घेऊन शेवटची हाक मारली.

"आत्याबाई…"

"ओ," बोंडाच्या कानात तिचाच आवाज म्हणाला, जराही घाई न करता. "दमलीस गं. बस जरा. मी बघते."